भोरच्या निकालामागची मुळशी

2024 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या भोर विधानसभा मतदारसंघात संग्राम थोपटे पराभूत झाले आणि शंकर मांडेकर निवडून आले. घराण्याचा गड ढासळला, एवढाच अर्थ त्यातून काढणे अपुरे आहे. संग्राम यांचे वडील अनंतराव थोपटे यांच्यासारख्या मातब्बर नेत्यालाही भोरने 1999 मध्ये घरी बसवले होते. राष्ट्रवादीचे काशिनाथ खुटवड तेव्हा जिंकले. 2004 मध्ये अनंतराव पुन्हा आमदार झाले. त्यानंतर संग्राम थोपटे सलग तीनदा.

खरा बदल 2008 च्या मतदारसंघ पुनर्रचनेने घडवला. स्वतंत्र मुळशी मतदारसंघ रद्द होऊन तो तालुका भोर-वेल्ह्याला जोडला गेला. हिंजवडीच्या आयटी कंपन्या, पिरंगुटचे कारखाने आणि वेल्ह्याच्या (आताचा राजगड तालुका) डोंगरातल्या वाड्यावस्त्या, सगळे एकाच आमदाराच्या वाट्याला! मांडेकर मुळशीचेच, हा योगायोग मला तरी वाटत नाही. हिंजवडीची वाहतूक कोंडी रोज बातम्यांत असते. तोरण्यापलीकडच्या वाडीला रस्ता हवा, हे मात्र कोण मांडणार? आम्हा पुणेकरांच्या नळाला येणारे पानशेत, वरसगाव, टेमघरचे पाणी याच मुलखातले आहे, म्हणून ही काळजी आमचीही असायला हवी.

मतदारसंघ आखताना लोकसंख्येबरोबर भूरचना, दळणवळण आणि जनतेची सोयही पाहावी, असे 2002 चा परिसीमन कायदा सांगत होता. पुढच्या पुनर्रचनेत भोर-वेल्ह्याच्या बाबतीत हे निकष कसोशीने पाळले जावेत. त्यासाठी हरकती-सूचनांच्या सुनावण्या भोर आणि वेल्ह्यातही घ्याव्यात.

– एक वाचक, कोथरूड, पुणे