कपाटाची किल्ली

कळवा, ठाणे
रविवार, १८ ऑगस्ट २०२४

प्रिय बाळ्या,

नमस्कार. वहिनींचा गुडघा कसा आहे? फोनवर विचारलं असतं, पण जे सांगायचंय ते फोनवर जमलं नसतं. तू मध्येच हसला असतास आणि मी विषय बदलला असता. म्हणून हे पत्र. आज रविवार आहे, वेळही आहे. गिरणी कामगारांना १८९० साली ही रविवारची सुट्टी मिळवून देणारे नारायण मेघाजी लोखंडे आपल्या ठाण्यातच जन्मले, हे मी युनियनच्या नव्या पोरांना दरवर्षी सांगतो आणि पोरं दरवर्षी मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेली असतात. असो.

तर बातमी अशी की आपल्या युनियनची निवडणूक झाली आणि निवडणूक अधिकारी होता तुझा हा मित्र. रिटायर झालेला, कुठल्या पॅनलमध्ये नसलेला आणि युनियनची घटना पाठ असलेला माणूस हवा होता. तिन्ही गोष्टी जमणारा मीच निघालो. घरी बायको म्हणाली, "पेन्शनीत भांडणं कशाला विकत घेताय?" तरी गेलो. रबाळे स्टेशनला उतरून त्या रस्त्याने कंपनीकडे चालत जायला बरं वाटतं रे. निम्म्या कंपन्यांची गोदामं झाली आहेत, पण चहावाला तोच आहे.

पहिल्याच दिवशी मेंटेनन्सचा एक पोरगा अर्ज घेऊन आला. जुन्या कमिटीच्या विरोधात त्याचं पॅनल होतं. मागण्या तीनच. युनियन ऑफिस मंगळवारी शिफ्ट सुटल्यावर तासभर मिळावं, सभासदांचं रजिस्टर बघायला मिळावं आणि नोटीस बोर्डावर पत्रक लावू द्यावं. मी चष्मा पुसला, परत वाचलं. बाळ्या, तो तुझाच अर्ज होता. २००६च्या निवडणुकीतला. तुझा लाल शाईने अधोरेखित केलेला होता, याचा टाइप केलेला, एवढाच काय तो फरक.

तेव्हा कमिटीत बसलेल्या मी तुला काय सांगितलं होतं, आठवतंय? "घटनेप्रमाणे शनिवारी तीन ते चारमध्ये ये, रजिस्टर बघ." १९२६च्या ट्रेड युनियन कायद्यात कलम २० होतं. हिशेबाची पुस्तकं आणि सभासदांची यादी कुठल्याही सभासदाला बघता आली पाहिजे, युनियनच्या घटनेत ठरवून दिलेल्या वेळेत. आम्ही वेळ दिली होती. कायद्याने बोट ठेवायला जागा नव्हती. फक्त शनिवारी तीनला पहिली शिफ्ट सुटायची आणि कंपनीची बस तीन दहाला निघायची. दुसऱ्या शिफ्टवाले तीनच्या ठोक्याला आत पंच करायचे. आणि रात्रपाळीवाले घरी झोपलेले. म्हणजे त्या तासात रजिस्टर बघू शकेल असा एकही सभासद जगात नव्हता. तू एकदा बस सोडून थांबलास. तेव्हा मी ऑफिसला कुलूप लावून कॅन्टीनच्या मागे जाऊन बसलो. किल्ली माझ्या खिशात होती. आणि तुला आजवर माहीत नसलेली गोष्ट सांगतो. घटनादुरुस्ती झाली तेव्हा ती वेळ मीच सुचवली होती.

तू एकवीस मतांनी पडलास. तिसऱ्या शिफ्टच्या निम्म्या लोकांना तू उभा आहेस हेच ठाऊक नव्हतं, कारण पावडर प्लांटला माणसं किती आणि कोण, हे तुला कळायला मार्गच नव्हता. आम्हाला कळत होतं. वर्गणीच्या पावत्या आमच्याकडे होत्या.

तेव्हा आम्ही स्वतःला चोर समजत नव्हतो, हे लिहिलंच पाहिजे. आम्हाला खरंच वाटायचं की युनियन म्हणजे आम्ही. बोर्ड आमचा, माइक आमचा, टेबलाखालचं ते झेरॉक्स मशीन आमचं. १९७१च्या एमआरटीयू कायद्याने, म्हणजे युनियनच्या मान्यतेच्या महाराष्ट्राच्या कायद्याने, मान्यताप्राप्त युनियनला कंपनीच्या आवारात बोर्ड लावायचा हक्क दिला आहे. मान्यताप्राप्त युनियनला, बरं का, कमिटीला नाही. हा फरक मला चौदा वर्षं कमिटीत बसून कळला नाही. खुर्चीवरून उठल्यावर कळला.

या खेपेला मी पहिलं काम किल्लीचं केलं. ऑफिसची आणि कपाटाची, दोन्ही किल्ल्या जनरल सेक्रेटरीकडून घेतल्या आणि गेटवर सिक्युरिटीकडे ठेवल्या. कोण केव्हा नेतो, केव्हा आणतो, सगळं वहीत, सहीसकट. मंगळवार-गुरुवार नवं पॅनल, सोमवार-बुधवार जुनं, शुक्रवारी युनियनचं रोजचं कामकाज. रजिस्टर बघायला तिन्ही शिफ्ट सुटताना अर्धा अर्धा तास. रात्रपाळी सुटायच्या वेळी, सकाळी सातला, मी स्वतः टेबल टाकून बसायचो. कळव्याहून पहाटे निघून. पहिल्या दिवशी कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी तो पोरगा शंभर पानी वही घेऊन आला आणि खात्याप्रमाणे नावं उतरवत बसला. चारशे बारा सभासद. अक्षर तुझ्यासारखंच, कोंबडीचे पाय.

बोर्डाची गंमत ऐक. काचेचा बोर्ड तू पाहिलायसच. मी मेजर टेपने मोजला, बरोबर मध्यावर सुतळी ताणली, दोन बाजूंना दोन पॅनलची नावं. दुसऱ्या दिवशी सुतळी दीड इंच डावीकडे सरकलेली! कुणी केलं, देव जाणे. मी परत मोजून खिळा मारला. रिटायर माणसाचं आयुष्य असं असतं.

व्हॉट्सअॅप ग्रुपवर मात्र खरं भांडण झालं. ग्रुप युनियनचा, ॲडमिन सगळे जुन्या कमिटीचे, आणि सेटिंग असं की ॲडमिनशिवाय कुणाला लिहिता येत नाही. पूर्वी आम्हाला पत्रकं छापून वाटायला आठवडा लागायचा. आता रात्री अकराला एक बोट दाबलं की चारशे जणांच्या उशाशी प्रचार. मी म्हटलं, दोन्ही पॅनलनी रोज एकच मेसेज मला पाठवायचा, मी टाकणार. बाकी ग्रुप बंद. त्यावर जनरल सेक्रेटरी भडकला, "उद्या कॅन्टीनच्या दराचा करार होतोय, तो सभासदांना सांगायचा नाही?" प्रश्न रास्त होता. करार करणं हे कमिटीचं कामच आणि ते लोकांना कळलंही पाहिजे. पण त्यांनी दिलेल्या नोटिशीत तीन ओळी कराराच्या आणि खाली पाच जणांचा हार घातलेला फोटो. मी तीन ओळी ठेवल्या, फोटो काढला. तो अजून माझ्याशी बोलत नाही. "काम आम्ही केलं, मग फोटो का नको?" या त्याच्या प्रश्नाला माझ्याकडे आजही चोख उत्तर नाही.

आणि सत्यनारायण! दरवर्षी ऑगस्टमध्ये ऑफिसात पूजा असते, पावती युनियनची, यजमान अध्यक्ष सपत्नीक. मतदानाच्या चार दिवस आधी. आता प्रसादाला आचारसंहिता कशी लावणार? मी गुपचूप शिरा खाल्ला. तो पोरगाही सगळ्या पॅनलला घेऊन आला, पहिल्या रांगेत बसला आणि दोनदा शिरा मागून घेतला. तू असतास तर बहिष्कार टाकला असतास.

हे नियम मी मनाचे काढले नाहीत. प्रचाराला ऑफिस, माइक, बोर्ड कुणाला द्यायचा, यावर आपला १९२६चा कायदा काही बोलत नव्हता, सगळं घटनेवर सोडलं होतं. म्हणून ठाण्याच्या लेबर कोर्टातल्या आपल्या वकीलबाईंना विचारायला गेलो. त्यांनी अमेरिकेतली एक गोष्ट सांगितली. १९६९ साली तिथल्या खाणकामगारांच्या युनियनमध्ये जोसेफ याब्लॉन्स्की अध्यक्ष टोनी बॉईलच्या विरोधात उभा राहिला. युनियनचं मुखपत्र सगळ्यांच्या वर्गणीतून निघायचं, पण त्यात उदोउदो बॉईलचाच. आपली पत्रकं सभासदांना पोचावीत म्हणून याब्लॉन्स्कीला कोर्टात जावं लागलं. डिसेंबरात तो हरला. आणि वर्षाच्या शेवटच्या रात्री त्याचा, बायकोचा आणि मुलीचा राहत्या घरी खून झाला. पुढे त्यात बॉईललाच शिक्षा झाली. १९७२ साली कोर्टाने ती निवडणूकच रद्द केली. कारणांमध्ये मुखपत्र प्रचाराला वापरलं हेही होतं. फेरमतदानात बॉईल हरला. तिकडे १९५९पासून कायदाच आहे म्हणे. उमेदवाराने खर्च दिला की युनियनने त्याचं पत्रक सभासदांपर्यंत पोचवलं पाहिजे, एकाला दिलं ते दुसऱ्यालाही, आणि युनियनचा पैसा कुणाच्याच प्रचाराला लावायचा नाही. वाक्यं साधी आहेत. मी ती मराठीत लिहून दोन्ही पॅनलच्या सह्या घेतल्या. खून वगैरे ऐकून मी जरा गप्प झालो होतो, बाई म्हणाल्या, "काका, तुमच्याकडे सुतळीच सरकते, चांगलंय."

निकाल ऐकायचाय? जुनी कमिटीच आली. नऊ मतांनी. तो पोरगा हरला, पण मोजणी झाल्यावर त्याने माझ्याकडे फेरमोजणी मागितली नाही. पावडर प्लांटची मतं त्याला भरपूर पडली होती. आता तो खजिनदाराकडे हिशेबाची पुस्तकं बघायला मागतोय. दर शनिवारी.

कपाट आवरताना २००६ची फाईल सापडली. त्यात तुझा अर्ज आहे. लाल अधोरेखांसकट. कोपऱ्यात माझ्या अक्षरात शेरा: "नंतर बघू." तो सोबत पाठवत होतो, मग वाटलं पोस्टाने नको. गणपतीला यंदा मी चिपळूणला येतोय. कोकण रेल्वेचं आरक्षण मिळालं नाही, ठाण्याहून रात्रीची एसटी आहे, चतुर्थीच्या आदल्या दिवशी पहाटे पोचेन. अर्ज घेऊन येतो. स्टँडवर येऊ नकोस, रिक्षा करेन.

तुझा,
सद्या