चेतकचं केसिंग बदलताना

संपादक साहेब नमस्कार,

माझ्या वडिलांची जुनी टू-स्ट्रोक चेतक स्कूटर परत उभी करतोय. इंजिनचं केसिंग (दोन अर्धे भाग जोडून झालेलं बाहेरचं कवच) खराब झालंय, म्हणजे रोटरी व्हॉल्व्हची जागाच खरवडलीय. क्रँक (पिस्टनमुळे फिरणारा दांडा) त्या जागेला अगदी चिकटून फिरतो आणि पेट्रोलचं मिश्रण आत कधी सोडायचं, कधी अडवायचं ते तिथंच ठरतं, त्यामुळे तिथं खोल ओरखडा पडला की गाडी नीट स्टार्टच होत नाही, मग कितीही कार्बोरेटर साफ करा.

जुन्या बाजारात केसिंग मिळतं पण एक अर्धा भाग एका गाडीचा आणि दुसरा दुसऱ्या गाडीचा असं कृपा करून घेऊ नका, दोन्ही भाग जोडीनेच मशीन केलेले असतात. बेअरिंगची घरं ढिली नाहीत ना, स्टडचे आटे शाबूत आहेत ना, वेल्डिंग केलंय का हे हातात घेऊन बघा.

खरी अडचण पुढेच आहे. इंजिन नंबर केसिंगवरच असतो, म्हणजे केसिंग बदललं की आरसीवरचा नंबर जुळत नाही. काही जण जुना नंबर नव्यावर पंच करून देतो म्हणतात, तो गुन्हा आहे, अजिबात करू नका. बिल घ्या, आरटीओत नोंद करा. आरटीओने यासाठी लागणारी कागदपत्रं सोप्या मराठीत ऑफिसबाहेर लावावीत एवढी कळकळीची विनंती, आकुर्डीत बनलेल्या या गाड्या आम्हाला भंगारात घालायच्या नाहीत.

– एक वाचक, चिंचवड