अँटिऑक्सिडंट पेशी स्वतःच बनवतात

महोदय,

कमाटी बागेत सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळींत सध्या अँटिऑक्सिडंटच्या, म्हणजे ऑक्सिडीकरणाने पेशींना होणारी इजा रोखणाऱ्या द्रव्यांच्या, गोळ्यांची भलतीच चलती आहे. परवा बाकावर बसल्या बसल्या माझ्या नणंदेने पिशवीतून बाटली काढली. वर ठळक अक्षरांत लिहिलेले, ‘पेशींना गंजू देऊ नका’. किंमत दीड हजार, आणि बाईंचा खर्च पेन्शनवर. मी आयुष्यभर शाळेत जीवशास्त्र शिकवले, म्हणून गप्प राहवत नाही.

पेशी गोळीची वाट बघत बसत नाही. तिच्यात एनआरएफ-२ नावाचे प्रथिन सतत तयार होते आणि सतत मोडले जाते. कीप-१ हे दुसरे प्रथिन त्याला धरून मोडीत काढायला लावते, त्यामुळे ते जेमतेम वीसेक मिनिटे टिकते. धुराने किंवा विषारी द्रव्याने ताण आला, की कीप-१ मधल्या गंधकयुक्त जागांवर रासायनिक घाव बसतो आणि ही मोडतोड थांबते. साठलेले एनआरएफ-२ मग केंद्रकात शिरते, डीएनएवर ठरावीक जागी बसते आणि ग्लुटाथायोन हे पेशीचे स्वतःचे अँटिऑक्सिडंट बनवणाऱ्या विकरांची (एन्झाइमांची) जनुके कामाला लावते. ताण ओसरला की पुन्हा मोडणे सुरू. १९९० च्या दशकात जपानच्या मासायुकी यामामोतो यांच्या गटाने हे कोडे उलगडले.

मला सर्वांत नवल वाटते ते पुढचेच. मुळा किसताना नाकाला झोंबतो ना? किसताना पेशी फुटतात तेव्हा ते तिखट द्रव्य तयार होते. त्याच जातीचे ब्रोकोलीतले सल्फोराफेन कीप-१ ला जाऊन चिकटते. म्हणजे पेशीला ते थोडे त्रासच देते, आणि त्या त्रासाने ती स्वतःचे संरक्षण उभारते!

उलट बाहेरून भरमसाट पुरवठा केल्याने काय झाले? फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९ हजारांहून अधिक पुरुषांवर चाचणी झाली. १९९४ मध्ये निकाल आला: बीटा-कॅरोटीन या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त. आमच्या फिरायच्या गटात विडी ओढणारे दोघे आहेत आणि गोळ्या दोघेही घेतात. त्यांची मला खरोखर काळजी वाटते.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अशा गोळ्यांच्या जाहिराती येतात. त्याच पानावर एखाद्या जाणत्या डॉक्टरांचा लेख छापावा, ही कळकळीची विनंती. नणंदेने बाटली परत नेली होती, पण सील फोडलेले म्हणून दुकानदाराने घेतली नाही.

— एक निवृत्त शिक्षिका, दांडिया बाजार, बडोदे