आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र: त्या यंत्रावरची चादर काढा

मा. आरोग्यमंत्री महोदय,
स. न. वि. वि.

परवा जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात दिव्यांग दाखल्यासाठी गेले होते. चार तास बाकावर बसल्यावर नंबर लागला. डॉक्टरांनी मान वर करून विचारलं, "चालत आलात की! मग कसलं अपंगत्व?"

मला मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) होऊन ११ वर्षं झाली. स्वतःचीच प्रतिकारशक्ती मज्जातंतूंवरचं आवरण पोखरते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात या आजाराचं नाव आहे. पण टक्के मोजणाऱ्याला थकवा दिसत नाही. तिसऱ्या भाकरीला माझा हात गळतो. उन्हात नजर धूसर होते. रात्री पाय लाकडासारखे ताठतात. हे कुठल्या रकान्यात लिहू?

बाहेर पडताना एका उघड्या खोलीत टीएमएसचं, म्हणजे बाहेरून चुंबकाने मेंदूला चेतवणारं, यंत्र दिसलं, वर हिरवी चादर. चालवायला माणूस नाही, असं शिपाई म्हणाला. मला तिथेच रडू फुटलं. कारण दोन वर्षांपूर्वी बांगड्या मोडून मी पुण्यात खासगीत हीच ट्रीटमेंट घेतली होती. चिरफाड नाही, भूल नाही. कानात बोळे घालतात, डोक्याला कॉइल टेकवतात, आणि चुंबकीय स्पंदनांची टकटक सुरू होते. दहा दिवसांनी उंबरा ओलांडताना उजवा पाय हाताने उचलावा लागला नाही. तीन आठवडे टिकलं. पुन्हा जायला पैसे नव्हते.

याने एमएस बरा होत नाही, मला कळतं. पायांचा ताठरपणा, थकवा, वेदना यांवर लहान अभ्यासांत गुण दिसलाय, मोठे अभ्यास हवेत. मग ते करायचे कोणी? इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये १९८५ साली हे टीएमएस तंत्र आलं. नैराश्यासाठी अमेरिकेने २००८मध्ये मान्यता दिली. टीडीसीएस या मेंदूला सौम्य विजेने चेतवणाऱ्या दुसऱ्या उपचारात तर मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या स्पंजांतून जेमतेम दोन मिलिअँपिअर प्रवाह देतात. तिकडच्या अभ्यासांत एमएसचे रुग्ण व्हिडिओवरच्या देखरेखीखाली ते घरीच घेतात. आणि इथे सरकारी पैशाने घेतलेलं यंत्र धूळ खातं, अन् आम्हाला "पुरावा नाही" म्हणून परत पाठवतात. खरेदीला निधी असतो, उद्घाटनाला वेळ असतो, पद भरायचं म्हटलं की फाइल हलत नाही. डायलिसिस असो की सोनोग्राफी, गरिबाच्या वाट्याला कुलूपच.

तंत्रज्ञ नेमा. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत एमएसच्या रुग्णांवर रीतसर अभ्यास सुरू करा. पहिलं नाव माझं लिहा. दाखला देताना थकवाही मोजा.

दाखल्यासाठी मला पुढच्या मंगळवारी परत बोलावलंय. एसटीने दीड तास, मग स्टँडपासून रिक्षा. येताना मी त्या खोलीत डोकावणार आहे.

आपली,
एमएसची एक रुग्ण