मतदान केंद्रावरच्या कर्मचाऱ्यांचेही पाहा

‘पंचायत निवडणुकीच्या कामाला सरकारी कर्मचारी टाळाटाळ करतात’ हे आपल्या अंकातील पत्र वाचले. ते मला पटले नाही.

१० ऑगस्ट २०२२ रोजी गोव्यात १८६ पंचायतींसाठी मतपत्रिकांवर मतदान झाले, तेव्हा मी एका गावच्या शाळेत केंद्रावर होते. बाहेर मुसळधार पाऊस. वीज गेली, तेव्हा मेणबत्तीच्या उजेडात लाख वितळवून पेटीला सील केले. भिजून आलेल्या एका आजीचे बोट आधी पदराला पुसून घेतले, मग शाई लावली. मतदान पाच वाजता संपले, पण हिशेब जुळवून पेटी तालुक्याला जमा करायला रात्र झाली. पावती हातात पडली, तोवर गावची शेवटची बस गेलेली होती.

कामाचा कंटाळा कुणालाच नव्हता. नको वाटते ती ही परतीची वाट, विशेषतः महिलांना. पेटीला पोलीस संरक्षण असते. पेटी जमा केलेल्या बाईला घरापर्यंत गाडी का नसावी? प्रशासनाने नेमणुकीच्या आदेशातच परतीच्या वाहनाची सोय लिहून द्यावी.

— एक शिक्षिका, डिचोली