नांदेडच्या काकांना, प्लेनोहून

ती. काका,
सा. न. वि. वि.

आमच्या परसातल्या पोहण्याच्या पुलाच्या कामात तुम्ही केलेल्या मदतीचे आभार फोनवर तुम्ही मला मानूच दिले नाहीत. "लेकीच्या शेजारी राहता, त्यात काय एवढं," म्हणालात आणि सासूबाईंची चौकशी सुरू केलीत. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. टेक्सासमधल्या डॅलसच्या या भागात काळ्या मातीवर घरं घेतलेली आपली पुष्कळ माणसं आहेत. त्यांच्यापैकी कुणी परसात पूल बसवायला निघालं, तर तुमचं म्हणणं त्यांच्याही कानावर पडावं.

सासूबाईंच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झाल्यावर पाण्यात चालायचा व्यायाम सांगितला होता. काँक्रीटचा पूल आम्हाला परवडणारा नव्हता. पत्र्याच्या भिंतीचा, आत व्हिनाइलचं लायनर म्हणजे अस्तर असलेला, 18 फुटी गोल पूल परवडत होता. पण त्याची भिंत 52 इंच उंच, आणि शिडी चढून पलीकडे उतरणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. परसाला उतार आहे, तेव्हा वरच्या अंगाला दोन फूट खोदून पूल अर्धवट आत बसवायचा आणि बाजूला रुंद पायऱ्यांचा डेक करायचा, असं ठरलं. ठेकेदाराचा बेत सरळ होता. खड्डा काढायचा, वाळू पसरायची, पूल उभा करायचा आणि निघालेली माती भिंतीभोवती परत लोटून चोपायची.

तेव्हा तुम्ही लेकीकडे आला होतात. ते ऐकल्यावर तुम्ही फिरायला जायचे थांबलात आणि परसात आलात. ऑगस्ट होता, जमिनीला इतक्या भेगा की तुमची काठी वीतभर सहज आत गेली. चिमूटभर माती ओली करून तुम्ही तळहातावर वळलीत. वळी 3 मिलिमीटरपर्यंत बारीक झाली तरी तुटेना. "ही तर आपलीच रेगूर," म्हणालात. नंतर तुम्हीच समजावून सांगितलंत की आपली काळी माती बेसॉल्टची, इथली चुनखडीच्या खडकांतून आलेली, पण दोन्हींतली फुगणारी चिकणमाती एकाच जातीची, स्मेक्टाइट. ह्यूस्टन ब्लॅक नावाची ही माती टेक्सासची राज्य-माती आहे, हे तर इथे इतकी वर्षं राहून मला तुमच्यामुळे कळलं.

त्यापुढची गोष्ट मी सगळ्यांना सांगत असते. तुम्ही माती वाळवलीत, खलबत्त्यात कुटलीत, पिठाच्या चाळणीतून चाळलीत. नातवाच्या प्रयोगाच्या संचातल्या दोन मापाच्या नळ्यांत सारखी सारखी भरलीत. एकीत पाणी, दुसरीत केरोसिन. "केरोसिन ही माती पीत नाही, पाणी पिते. उद्या बघा." दुसऱ्या दिवशी केरोसिनमधली माती तळाशी होती तशीच होती आणि पाण्यातली तिच्या जवळजवळ दुप्पट झालेली होती. माझ्या नवऱ्यानं त्याच दिवशी ठेकेदाराला काम थांबवायला सांगितलं.

तुमचा मुद्दा एकच होता, पण तो आम्हाला दुसऱ्या कुणी सांगितलेला नव्हता. पुलाची पत्र्याची भिंत आतल्या पाण्याचा बाहेरचा जोर सोसायला केलेली असते. चार फूट पाणी म्हणजे जवळजवळ 29 टन वजन, तेही ती सोसते. बाहेरून आत रेटणाऱ्या मातीसाठी ती केलेलीच नाही. पूल भरलेला असतो तोवर दोन्ही जोर एकमेकांना अडवतात. लायनर बदलायला पाणी काढलं आणि त्याच आठवड्यात पाऊस पडला, की फुगलेली काळी माती पत्रा आत ढकलते. म्हणून तुम्ही बजावलंत, "भिंतीला मातीचा स्पर्शसुद्धा होता कामा नये."

मग वरच्या अंगाला पुलापासून दोन फूट सोडून, चंद्रकोरीच्या आकाराची स्वतंत्र रिटेनिंग वॉल, म्हणजे माती अडवणारी भिंत, झाली. तिच्या मागे खडी, खडीभोवती जिओटेक्स्टाइल (माती अडवून पाणी जाऊ देणारं कापड), खाली भोकांचा पाइप. ठेकेदार म्हणत होता, मधली जागा नुसती खडीनं भरू, पाणी मुरेल. तुम्ही म्हणालात, "मुरेल कुठं? चिकणमातीत खड्डा म्हणजे परात. पाऊस पडला की पाणी खडीत साठणार आणि तिथूनच माती फुगवणार." तो पाइप परसाच्या सगळ्यात खालच्या कोपऱ्यापर्यंत उतार देऊन उघड्यावर काढायला लावलात. या कामासाठी सगळ्यात जास्त वाद झाला, आणि सगळ्यात जास्त उपयोग याच कामाचा झाला.

तळाचं काम तुम्ही स्वतः उभं राहून करून घेतलंत. उंच बाजू खणून सपाटी करायची, सखल बाजूला भर घालायची नाही. खड्डा कोरडा ठणठणीत ठेवून त्यावर काही बसवायचं नाही, आधी माती ओलावून प्लास्टिकनं झाकून ठेवायची, म्हणजे जे फुगायचं ते आधीच फुगेल. आयआयटी मुंबईच्या प्रा. कट्टींनी काळ्या मातीतल्या कालव्यांसाठी न फुगणाऱ्या मातीचा थर द्यायची पद्धत बसवली, ती तुम्ही ऊर्ध्व पैनगंगेच्या कालव्यावर असताना शिकलात, आणि तीच इथं वापरायची ठरवलीत. "इथं मुरूम मिळतो का?" असं तुम्ही विचारलंत तेव्हा दुकानदार गोंधळला. शेवटी घरांच्या पायाखाली घालतात ती सिलेक्ट फिल नावाची न फुगणारी भराव-माती तुम्ही हातात घेऊन पाहिलीत आणि पसंत केलीत. कालव्याला मीटरभर थर लागतो, इथं फूटभरच बसतोय, तेव्हा पाणी बाहेर काढण्यात हयगय नको, हेही स्पष्ट सांगितलंत. हे असं सरळ सांगणं मला फार मोलाचं वाटतं. धुम्मस घेऊन थर चोपणाऱ्या मुलांना तुम्ही हिंदी, इंग्रजी आणि खुणा यांच्या मिश्रणात शिकवत होतात, आणि ती मुलं मनापासून ऐकत होती. खांबांखालच्या फरश्यांची पातळी तुम्ही लेझरवर न सोडता पारदर्शक नळीत पाणी भरून पुन्हा तपासलीत.

दोन गोष्टी इतरांसाठी. खोदण्याआधी 811 ला फोन करा, गॅस आणि विजेच्या लाइन फुकटात आखून देतात. आणि पूल आत बसवला की उरलेली भिंत 48 इंचांपेक्षा कमी होते, मग कुंपण वेगळं घालावं लागतं. परवाना काढताना हे विचारून घ्या.

तुम्ही नांदेडला परतल्यावर मे महिन्यात इथे रात्रभर वादळी पाऊस झाला. पहाटे आम्ही टॉर्च घेऊन गेलो. खालच्या कोपऱ्यात पाइपातून गढूळ पाणी धो धो वाहत होतं. तुम्ही खडीत उभा पुरून ठेवलेल्या तपासणीच्या नळीत काठी घातली, तर जेमतेम दोन बोटं ओली झाली. पुलाच्या वरच्या कडेची पातळी नंतर घेतली, फरक पाव इंचाच्या आत आहे.

सासूबाई रोज सकाळी कठडा धरून पाण्यात फेऱ्या मारतात. आता एका फेरीत कठडा सोडतात. तुम्हाला कळवायला त्यांनीच सांगितलं आहे. आयुष्यभर कालव्यांवर कमावलेलं ज्ञान तुम्ही आमच्या परसातल्या एवढ्याशा कामासाठी हात न आखडता दिलंत. आम्ही तुमचे फार फार ऋणी आहोत.

एक विचारायचं राहिलं. लाइव्ह ओकच्या बाजूचा डेकचा एक खांब यंदाच्या उन्हाळ्यात किंचित खाली गेला आहे. झाड तिथलं पाणी ओढून घेत असावं असं मला वाटतं. खांबाखाली पाचर मारावी की झाडाच्या बाजूला ठिबकची नळी फिरवावी? फोटो पाठवले आहेत. रविवारी तुमच्या संध्याकाळी फोन करते.

काकूंना नमस्कार.

तुमची,
लेकीची शेजारीण