शाळा विकास आराखडा मागणीपत्रक होऊन बसला आहे

मा. संपादक,

डिसेंबर जवळ आला की प्राथमिक शाळांमध्ये शाळा विकास आराखड्याची फाईल कपाटातून निघते. गेल्या वर्षीच्या आराखड्यावरचे साल बदलते, शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांची सही होते आणि फाईल परत कपाटात जाते. याचा सगळा दोष मुख्याध्यापकांच्या माथी मारला जातो, ते बरोबर नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २२ ने हा आराखडा समितीवर सोपवला. केंद्राच्या नमुना नियमांनुसार तो तीन वर्षांचा असतो, त्याखाली तीन वार्षिक उपआराखडे असतात आणि तो आर्थिक वर्ष संपण्याच्या किमान तीन महिने आधी तयार व्हावा लागतो. पण त्यात काय लिहायचे? वर्गवार अपेक्षित पट, जादा शिक्षक, जादा सुविधा आणि त्यासाठी लागणारा पैसा. मुलांना आज काय येते आणि मार्चपर्यंत काय यायला हवे, याला स्वतंत्र जागाच नाही. मग आराखड्यात मागण्याच येणार.

खरे काम आराखडा लिहिण्याच्या आधीचे आहे. पहिली ते चौथीची, ४० पटाची द्विशिक्षकी शाळा घ्या. प्रत्येक मुलाला जवळ बसवून पाच मिनिटे वाचून घेतले, तर २०० मिनिटे लागतात. दोघा शिक्षकांत वाटले की अर्ध्या दिवसात वाचन होते, गणिताला आणखी अर्धा दिवस. उतारा पाठ्यपुस्तकातला नको, कारण धडा पाठ असलेले मूल बोट भलत्याच ओळीवर ठेवूनही घडाघडा म्हणते. मधल्याच एखाद्या शब्दावर बोट ठेवून विचारले की खरी पातळी कळते. ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणणे ही बोली आहे, चूक नव्हे. उलट जोडाक्षर आले की अंदाजाने भलताच शब्द म्हणणाऱ्या मुलाला परिच्छेदाच्या पातळीवर धरू नये. त्याची नोंद शब्दाच्या पातळीवरच करावी.

गणितात तर चूक नीट पाहिल्याशिवाय आराखडा होऊच शकत नाही. ४०२ मधून १६७ वजा करताना अनेक मुले ३६५ लिहितात. प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक काढून मोकळी होतात. या मुलाला अशी आणखी ५० उदाहरणे दिली तर तीच चूक ५० वेळा होईल. त्याला शतक सुटे करून दशक आणि दशक सुटे करून एकक करता येत नाही, म्हणजे हातात काड्यांचे गठ्ठे देऊन पुन्हा तिथूनच सुरुवात करायला हवी. आराखड्यात मात्र ‘गणिताचा सराव वाढवणे’ एवढेच लिहिलेले असते. ते वाचून सोमवारी वर्गात काय करायचे, हे कोणाला कळेल?

उद्दिष्टे टक्क्यांत लिहिण्याची सवयही सोडायला हवी. ११ मुलांच्या वर्गात ‘८० टक्के मुले वाचती करणे’ म्हणजे नेमकी कोणती मुले? त्यापेक्षा शब्दावर अडलेल्या सहा मुलांची नावे लिहावीत, ती फेब्रुवारीअखेर परिच्छेद वाचतील असे ठरवावे आणि त्यासाठी वेळापत्रकात रोज एक तास राखून ठेवावा. त्या तासाला इयत्तेप्रमाणे न बसवता पातळीप्रमाणे गट करावेत. दोन शिक्षक आणि चार इयत्ता असल्या तरी त्या तासापुरते दोनच गट सांभाळायचे असल्याने ते जमते. एक काळजी मात्र घ्यावी लागते: ही यादी फलकावर लावू नये. ती शिक्षकांच्या वहीत असावी आणि पालकाला फक्त आपल्या मुलापुरती सांगावी.

उपस्थितीचेही तसेच. मासिक सरासरी चांगली दिसते, पण गैरहजर तीच ती चार-पाच मुले असतात. ज्या भागातून ऊसतोडीला कुटुंबे जातात, तिथे दिवाळीनंतर वर्ग रिकामा होतो. आईवडील गेले तरी गावात थांबू शकणाऱ्या मुलांची यादी आणि हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव त्याआधीच गेला पाहिजे, जानेवारीत तो पाठवून उपयोग नाही.

पैशाबद्दल थोडे. समग्र शिक्षा या शालेय शिक्षणाच्या सरकारी योजनेच्या निकषांनुसार अशा शाळेला संयुक्त शाळा अनुदान वर्षाला २५,००० रुपये, त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर. वीजबिल, रजिस्टरे, किरकोळ दुरुस्ती यांतच बरेचसे संपते. उरलेल्यातून गोष्टींची पुस्तके आणि मोजायचे साहित्य आधी घ्यावे, रंगकाम नंतर. (बोलक्या भिंती फोटोत छान दिसतात, पण बाकावरच्या मुलाला त्यातले अर्धे वाचता येत नाही.) नळ आणि स्वच्छतागृहाची मागणी या अनुदानात बसवण्याचा प्रयत्नच करू नये. ती ग्रामपंचायत विकास आराखड्यात घालावी. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी ग्रामपंचायतींच्या अनुदानाचा ६० टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित, म्हणजे फक्त त्याच कामांसाठी राखून ठेवला होता, तरी कितीतरी शाळांची मागणी त्या आराखड्यात पोहोचलीच नाही. कारण साधे आहे: गावाचा आराखडा ऑक्टोबरपासून आकाराला येतो आणि शाळेचा ठराव डिसेंबरात होतो. शाळेने ठराव सप्टेंबरातच करून अंदाजपत्रकासह ग्रामसभेत मांडला, तर ही गाठ पडते.

हे सगळे करूनही आराखडा मोडतो तो दोन ठिकाणी. शिक्षकांची बदली होते किंवा त्यांना मतदार यादीच्या कामाला लावले जाते, आणि कोणते मूल कुठवर आले होते याची माहिती त्यांच्याबरोबर जाते. म्हणून पातळीची वही शाळेच्या दप्तरात हवी आणि कार्यभार देताना तिची नोंद हवी. दुसरे, शिक्षकानेच शिकवायचे, त्यानेच तपासायचे आणि निकाल कमी आला की नोटीसही त्यालाच, अशी रीत असेल तर आकडे फुगणारच. केंद्रप्रमुखांनी (आसपासच्या काही शाळांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांनी) दोन महिन्यांतून एकदा हजेरीपटावरून स्वतः निवडलेल्या दहा मुलांचे वाचन ऐकावे, वहीशी ताडून पाहावे आणि फरक आढळल्यास नोटीस न देता शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, त्यावर काम करावे.

जिल्हा परिषदांच्या शिक्षण विभागांना विनंती आहे की, यंदा आराखड्याच्या नमुन्यात मागण्यांच्या आधी एक पान जोडावे: मुलाचे नाव, आजची वाचनाची आणि गणिताची पातळी, नेमकी अडचण, जबाबदार शिक्षक, पुढची तपासणी कोणत्या तारखेला. हे पान भरल्याशिवाय समितीने आराखड्यावर सही करू नये, असे परिपत्रकातच नमूद करावे.

— एक निवृत्त शिक्षण विस्तार अधिकारी, सातारा